जुनी फोर व्हील घेताना आधी गाडीखाली जा

काका, आम्ही दोघं नवरा-बायको गेल्या वर्षी पुणं सोडून वेल्ह्याच्या पुढे राहायला आलो. डांबरी रस्ता संपल्यावर घरापर्यंत पावणेतीन किलोमीटर कच्ची वाट आहे. मध्ये ओढा, त्यावर फरशी, आणि शेवटचा चढ लाल मातीचा. आमची छोटी गाडी जूनपासून दिवाळीपर्यंत गावातल्या देवळापाशी उभी असते. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, गुडघ्यांनी बेजार. पेंड, खत, भाताची पोती न्यावी-आणावी लागतात. साडेपाच लाखांपर्यंत खर्च करू शकतो. तीन फोर व्हील, म्हणजे चारही चाकांवर ओढणाऱ्या, गाड्या बघितल्या आहेत. २००८ची जिप्सी साडेतीन लाखांना, २०१३ची थार सीआरडीई सव्वापाचला आणि २०१५ची बोलेरो कॅम्पर फोर व्हील साडेचारला. मिस्टरांचं मन थारवर बसलंय. काय करावं?
*— एक वाचक, वेल्हे*

ताई, आधी सासूबाईंचं बघू. पावसात रात्री बाराला त्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर त्या या तिघींपैकी कोणत्या गाडीत, कुठल्या दारातून चढणार आणि कुठे बसणार? २०१३च्या थारमध्ये मागची बाकं आडवी, एकमेकांसमोर असतात. चढायचं मागच्या दारातून, वाकून. बिघडलेल्या गुडघ्यांना ते जमायचं नाही, म्हणजे त्यांच्यासाठी फक्त पुढची डावी सीट उरली. चालवणारा एक, सासूबाई पुढे, आणि त्यांना धरून बसणारं माणूस मागे आडवं बसून धक्के खात येणार. तीनही गाड्या घरासमोर उभ्या करा आणि सासूबाईंना चढून-उतरून बघायला सांगा. पायरीची उंची, धरायला दांडा आहे का, दार किती उघडतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच कळेल.

हे मी सगळ्यात आधी सांगतो, त्याला कारण आहे. कोयनेच्या पाणलोटातल्या एका आरोग्य केंद्राच्या जीपवर मी बरीच वर्षं चालक होतो. जीप दोन चाकांवर ओढणारी. १९९४च्या जुलैत एका बाळंतिणीला घेऊन निघालो आणि वाडीखालच्या चढाला मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. दगड लावले, पाला टाकला, पोरांनी ढकललं. शेवटी चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून दीड तास चालत खाली आणलं. बाई आणि बाळ दोघंही वाचली. पण तो दीड तास मी रिकामी जीप घेऊन त्या चढावर उभा होतो, आणि तेव्हापासून फोर व्हील म्हटलं की मला पहिल्यांदा तोच चढ दिसतो.

आता तुमची वाट. गाडी ठरवायच्या आधी दोघं छत्री घेऊन भर पावसात ती पावणेतीन किलोमीटर चाला. कुठे मातीखाली दगड लागतो, कुठे टाच रुतते, कुठे शेवाळ आहे, ते लिहून ठेवा. पुष्कळदा असं निघतं की खरी अडचण शंभर-दीडशे फुटांचीच असते. तेवढ्यात दगडी सोलिंग करून वर चार ट्रॉल्या मुरूम टाकला आणि डोंगराच्या बाजूला पाण्याला चर काढली, तर निम्मा चिखल तिथेच संपतो. हे काम मे महिन्यात करा, गाडी कुठलीही घेतली तरी. जिथे पाणी वाटेवरून वाहतं तिथे फोर व्हीलसुद्धा दोन पावसाळ्यांत वाटेची चाकोरी खोल करते, आणि मग एक दिवस गाडीचं पोट मातीवर टेकतं. पोट टेकल्यावर चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय, गाडी हलत नाही.

आता तीन गाड्या.

जिप्सी हलकी आहे, वजन टनाच्या आसपास, आणि चिखलात हलकेपणासारखं दुसरं सुख नाही. जिथे जड गाडी रुतते तिथून ती निघून जाते. रुतलीच तर तीन-चार माणसं तिला काढतात. २००८ची असेल तर १३०० सीसीचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन, साधं आणि टिकाऊ. पण पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्यामुळे ती रिकामी असताना फार उडवते. म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला ते सोसायचं नाही. पोती चारच्या वर गेली की जागा संपली. शिवाय २००८ची गाडी म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२३मध्येच भरली. नूतनीकरण झालंय का, पुढची मुदत कधीपर्यंत आहे आणि पर्यावरण कर भरलाय का, हे आरसीवर आणि परिवहनच्या वेबसाइटवर स्वतः बघा. मालकाच्या तोंडी शब्दावर राहू नका. आणखी एक. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि ही गाडी त्या पेट्रोलच्या आधीची. इंधनाचे रबरी पाइप जुने असतील तर घेतल्याबरोबर बदला.

थार सीआरडीईचं मला मनापासून कौतुक आहे. अडीच लिटरचं डिझेल, १०५ हॉर्सपॉवर, लो गिअरमध्ये चढाला लावली तर बैलासारखी मान खाली घालून ओढते. तुमच्या मिस्टरांचं मन तिच्यावर का बसलं हे मला पुरतं समजतं. फक्त तिचं पुढचं अंग जुन्या जीपसारखं एकसंध ॲक्सल आणि पाट्यांचं नाही. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, म्हणजे तिथे सीव्ही जॉइंट, बॉल जॉइंट असे सांधे आणि त्यांच्यावर रबरी बूट, म्हणजे आवरणं, आली. खडकाळ वाटेवर बूट फाटतो, आत चिखल जातो आणि दोन महिन्यांत जॉइंट कटकट वाजायला लागतो. आधीच्या मालकाने ती मित्रांबरोबर नद्या-नाले पार करायला वापरली असेल तर मी ती घेणार नाही. ओळख कशी पटवायची ते पुढे सांगतो. वरून कापडी हूड असेल तर पेंडीची पोती भिजतील, हेही धरून चाला. आणि हूड काढून नंतर पत्र्याचं टप बसवलेलं असेल तर आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. कंपनीने दिलेल्या गाडीच्या रचनेत मनाने केलेले बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

कॅम्परकडे लोक मालाची गाडी म्हणून बघतात. पण चार दारं, मागची सीट समोर तोंड करून, पाठीमागे हौदा. सासूबाई मागे दोन माणसांच्या मध्ये नीट बसतील, पोती हौद्यात ताडपत्रीखाली जातील. बोलेरोचं काम करणारा मेस्त्री नसरापूरला मिळेल, भोरला मिळेल, आणि पाटा-बुश-क्लचप्लेट तर कुठल्याही तालुक्याच्या गावी. उणं काय, तर हौदा रिकामा असला की मागचं अंग हलकं पडतं आणि ओल्या उतारावर ते घसरतं. माझ्या ओळखीतले शेतकरी पावसाळाभर हौद्यात वाळूची चार पोती टाकून ठेवतात. तीही मागच्या चाकांवर येतील अशी, फळीजवळ नाही. दुसरं, बहुतेक कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात. २०१५ची गाडी म्हणजे आठ वर्षांच्या वरची, तिचं पासिंग, म्हणजे आरटीओची तंदुरुस्ती तपासणी, दर वर्षी करावी लागणार. विमाही वेगळा. लायसन्सची चिंता नको. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०२४चा निकाल आहे.

तुमच्या घराला मी कॅम्पर घेईन. पण तिचं पोट बघितल्याशिवाय नाही.

पोट कसं बघायचं ते सविस्तर लिहितो, कारण यातच मी एकदा फसलोय. नोकरी सुटल्यावर मी १९९८ची एमएम ५४० घेतली. एका दलालाकडून, संध्याकाळी, धुऊन-पुसून चकचकीत केलेली. लिव्हर फोर व्हीलमध्ये पडत होता, दिवा लागत होता. घरी आणल्यावर पहिल्याच चिखलात मागची दोनच चाकं फिरली. खाली वाकून बघितलं तर पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, पुढचा प्रोपेलर शाफ्टच नव्हता. ॲव्हरेज वाढावं म्हणून काढून भंगारात घातलेला. शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) आणि पुढच्या हौसिंगचं (ॲक्सलच्या गिअरच्या खोक्याचं) काम मिळून गाडीच्या किमतीच्या चौथाईएवढा खर्च आला.

तर गाडी सकाळच्या उजेडात बघा, आणि न धुतलेली दाखवा म्हणा. चटई अंथरून खाली जा. पुढचा शाफ्ट आहे का? हाताने धरून हलवा, क्रॉसमध्ये खेळ किती? दोन्ही हौसिंगचे ऑइल प्लग मेस्त्रीकडून उघडवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ट्रान्सफर केसचंही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचंही, तेच बघा. एवढं बघू द्यायला मालक तयार नसेल तर तिथेच राम राम करा.

मग चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. छोटी हातोडी घेऊन चासीवर ठोकत जा, पुढून मागे, आणि मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी सावकाश. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. ताजा काळा रंग मारलेला असेल तर संशय दुप्पट धरा. कोकण किनाऱ्यावर राहिलेली गाडी वरून नवी दिसते आणि आतून खाऱ्या हवेने पोखरलेली असते. वेल्डिंगचे पट्टे दिसले तर का मारले ते विचारा. बॉडीला लोहचुंबक लावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पुरात बुडालेली गाडी हा आपल्याकडचा मोठा धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं. त्या पाण्यातून निघालेल्या गाड्या कुठे ना कुठे विकल्या गेल्याच. सीटच्या खालचे नटबोल्ट गंजलेत का, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ आहे का, डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट पूड आहे का, हे बघा. विम्याचा दावा झाला होता का हेही विचारा.

फोर व्हील खरंच चालते का, याची परीक्षा डांबरावर घेऊ नका. सपाट मातीवर गाडी उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. ट्रान्सफरचा लिव्हर फोर-लोमध्ये (चारही चाकं, सावकाश पण जोराचा गिअर), गिअर पहिला, इंजिन बंद. पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे खटके) हाताने फिरवायचे असतील तर तेही लॉक करा. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. थोडा खेळ सोडला तर ते फिरता कामा नये. खळखळून फिरलं, तर हब किंवा ॲक्सल कुठेतरी तुटलंय. मग दुसऱ्या बाजूचं चाक तसंच बघा. याला दहा मिनिटं लागतात.

त्यानंतर चालवून बघा. मुरमाच्या चढावर फोर-लो टाकून क्लच सावकाश सोडा, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चढायला लागली पाहिजे. वरून उतरताना पहिल्या गिअरमध्ये ब्रेक न दाबता उतरवा. गाडी इंजिनावर धरून राहिली पाहिजे, आणि गिअर आपोआप सुटता कामा नये. तुमच्या लाल मातीच्या उतारावर पुढच्या पावसाळ्यात याचाच आधार आहे. तिथे ब्रेक दाबला की चाकं अडकतात आणि गाडी घसरगुंडीसारखी सुटते.

टायर चारही एकाच मापाचे आणि साधारण एकसारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत अशी जोडी फोर व्हीलच्या गिअरना मारते. रुंद, फुगीर टायर लावून गाडी सजवलेली असेल तर मला ती आवडत नाही. आपल्या चिखलाखाली वीतभरावर बहुधा दगड किंवा घट्ट मुरूम असतो. अरुंद टायर चिखल कापून तिथे पोचतो, रुंद टायर वर तरंगतो. जुन्या जीपला ६.००-१६चे अरुंद टायर असायचे, ते उगीच नव्हते.

साडेपाच लाखांतले साठ-सत्तर हजार बाजूला ठेवा. गाडी आली की सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेकचं काम, क्रॉस, बेअरिंगला ग्रीस आणि चार टायर यात ते जातील. कॅम्परवाल्याशी चारच्या आसपास बोलणी सुरू करा.

---

मी चंदगड तालुक्यातला, काजूची बाग आहे. दिल्लीची २०११ची डिझेल फोर व्हील एसयूव्ही इथल्यापेक्षा निम्म्या किमतीत मिळतेय. घ्यावी का?
*— एक तरुण बागायतदार*

स्वस्त का आहे ते आधी समजून घे. राष्ट्रीय हरित लवादाने आणि नंतर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून तिथले लोक चांगल्या गाड्याही बाहेर विकायला लागले. त्यामुळे गाडी वाईटच असेल असं नाही. पण तुझ्या हातात येईपर्यंतचा हिशेब मांड. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मग इथे नवीन नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. शिवाय २०११ची म्हणजे पंधरा वर्षं २०२६मध्ये भरतात, नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्च दारात उभा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको, आणि चासी नंबर स्वतः कागदावर पेन्सिलीने घासून घे. हे सगळं धरूनही लाखभर वाचत असेल तर जा. पण मेस्त्रीला सोबत ने. त्याचं भाडं-जेवण तुझ्याकडून, ते पैसे वाया जात नाहीत.

---

२०२३ची थार फारच कमी किलोमीटर झालेली, किंमतही परवडणारी. माळशेजच्या माथ्यावरच्या शेतवाटेसाठी घेऊन टाकू का?
*— एक वाचक, जुन्नर*

गिअरच्या लिव्हरशेजारी फोर व्हील टाकायचा दुसरा छोटा लिव्हर आहे का, एवढंच आधी बघा. जानेवारी २०२३पासून थार दोन चाकांवर ओढणारीही मिळायला लागली, दीड लिटर डिझेलची किंवा पेट्रोल ऑटोमॅटिकची. बाहेरून पटकन फरक कळत नाही. ती गाडी म्हणून उत्तम आहे, पण माळशेजच्या माथ्यावरच्या शेतवाटेला तुम्हाला जे हवंय ते तिच्यात नाही.

---

मी आंबोलीजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. वडिलांची जुनी जिप्सी आता मी चालवते. फोर व्हील नेमकी कधी टाकायची? गावातली मुलं सांगतात, पाऊस सुरू झाला की टाकून ठेवा.
*— एक शिक्षिका*

ताई, मुलांचं ऐकू नका. तुमच्या गाडीत फोर व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग तो ताण गिअर आणि क्रॉसवर जातो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर परत निघत नाही. कधी असा अडकलाच तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटतो. आंबोलीचा पाऊस कितीही धो धो असला तरी घाटातल्या डांबरी रस्त्यावर गाडी दोन चाकांवरच ठेवा. वेग कमी, वरचा गिअर टाळा, धुक्यात दिवे खाली.

डांबर संपून चिखल दिसला की उभं राहा आणि आधीच फोर व्हील टाका. रुतल्यावर टाकून उपयोग कमी. जून महिन्यात पुढचे हब हाताने लॉक करून ठेवलेत तर पावसात उतरून वाकायला नको. हब लॉक असले तरी लिव्हर दोन चाकांवर असेपर्यंत डांबरावर काही बिघडत नाही, थोडं पेट्रोल जास्त जाईल. मोठा चढ, मोठा उतार किंवा दगडांची वाट आली की थांबून फोर-लो आणि दुसरा गिअर. चाकं फिरायला लागली की ॲक्सिलरेटर वाढवू नका, सोडा.

फरशीवरून पाणी वाहत असेल तर चालत जाऊन बघता येतंय का, हा एकच निकष. गढूळ पाणी गुडघ्याच्या वर, किंवा ओढ अशी की पाय ठरत नाही, तर गाडी अलीकडे लावा आणि शाळेला फोन करा. जिप्सी हलकी आहे हे चिखलात वरदान, पण वाहत्या पाण्यात तीच गाडी सर्वात आधी उचलली जाते.

आणि पावसाळा संपला म्हणून लिव्हर विसरू नका. महिन्यातून एकदा कुठल्याही मातीच्या मैदानात फोर व्हील टाकून किलोमीटरभर सरळ चालवा. तेवढ्याने आतले गिअर ऑइलने भिजलेले राहतात आणि जूनमध्ये लिव्हर एका हाताने पडतो.